वजन तेच, मग बाबांची चाल का मंदावली?

प्रश्न नरेंद्रनगरच्या एका ताईंचा आहे. त्यांचे बाबा ७२ वर्षांचे, निवृत्त शिक्षक. उंची पाच फूट पाच इंच, वजन गेली दहा वर्षं ६४ किलोवर थांबलेलं. शुगर काठावर, बाकी रिपोर्ट चांगले. रोज सकाळी अंबाझरीला फिरायला जातात. तरीही वर्षभरात चाल मंदावली. बर्डीवर खरेदीला गेलं की पूर्वी ते चार पावलं पुढे असायचे, आता मागे राहतात. सोफ्यावरून उठताना हात टेकवतात. मागच्या पावसाळ्यात डेंग्यू झाला, आठ दिवस ॲडमिट होते, तेव्हापासून जास्तच. नातवाने जिममधल्या मशीनवर उभं केलं तर ‘शरीराचं वय ८१’ असं निघालं आणि घर घाबरलं. डॉक्टर म्हणाले, वय झालं आता. ताईंचं विचारणं असं: हे नुसतं वय आहे का, त्या मशीनचं किती मनावर घ्यायचं, आणि प्रोटीन पावडर दिली तर किडनीला त्रास होईल का. शेवटी आईबद्दल एक ओळ आहे: वय ६८, वजन ७८, गुडघे दुखतात.

मी नागपुरात २३ वर्षं फिजिओथेरपी करते आहे आणि त्यातली निम्मी वर्षं बहुतेक वयस्क माणसांसोबतच गेली. ताई, तुम्ही बाबांकडे नीट बघितलं आहे. मागे राहणं आणि हात टेकवणं, या दोन गोष्टी कुठल्याही रक्ततपासणीत दिसत नाहीत.

आधी वजनाचं बोलू. बाबांची दहा वर्षांपूर्वीची एखादी पँट कपाटात असेल तर काढा आणि घालायला लावा. माझा अंदाज आहे, कमरेला बटण जेमतेम लागेल आणि मांडीत, पोटरीत कापड लोंबेल. काटा ६४ दाखवतो, कारण मांडीतून जेवढं गेलं तेवढं पोटावर जमा झालं. स्नायू कमी, चरबी जास्त, बेरीज तीच. ‘वजन स्थिर आहे, म्हणजे तब्येत स्थिर आहे’ हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकते आणि दर आठवड्याला खोडून काढते.

आपल्या लोकांच्या बाबतीत ही फसगत आणखी सोपी. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक छोटा लेख २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला होता, दोघांच्या फोटोसकट. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. म्हणजे आपण सडपातळ दिसतो तेव्हाही आतून तसे असूच असं नाही. तरुणपणीच स्नायूंची शिल्लक कमी असेल, तर साठीनंतर त्यातून काढायला उरतं किती? तुमच्या बाबांचा बीएमआय साडेतेवीसच्या आसपास येतो. कुणाच्या नजरेत भरणार नाही असा आकडा आहे तो.

वयाबरोबर स्नायू झिजतात हे आपल्या आज्यांनाही माहीत होतं, पण या झिजेला स्वतंत्र नाव मिळालं १९८९ मध्ये. अमेरिकेतले डॉ. आयर्विन रोझेनबर्ग यांनी ग्रीक शब्दांवरून ‘सार्कोपेनिया’ हा शब्द सुचवला. अर्थ साधा, मांसाची कमतरता. सुरुवातीची बरीच वर्षं सगळं लक्ष स्नायू किती किलो उरला याच्यावर होतं. मग एका मोठ्या अभ्यासाने विचार बदलायला लावला. पिट्सबर्ग आणि मेम्फिस या दोन शहरांतल्या ७० ते ७९ वयाच्या ३,०७५ लोकांना १९९७-९८ पासून वर्षानुवर्षं तपासत राहिले. त्यात दिसलं की ताकद ही स्नायूच्या वजनापेक्षा साधारण तिपटीने लवकर घटते. काहींचं स्नायूंचं वजन टिकून होतं, थोडं वाढलंही, तरी ताकद गेलीच. आणि पुढे कोण जास्त जगलं याचा संबंध ताकदीशी लागला, स्नायूच्या आकाराशी तेवढा नाही.

असं का होतं, हे मी पेशंटना लाईनमनच्या भाषेत सांगते. स्नायूतल्या तंतूंचे गट असतात आणि प्रत्येक गटाला मणक्यातून एक वायर, म्हणजे मज्जातंतू, आलेली असते. वय वाढतं तशा काही वायरी मरतात. शेजारची वायर त्यातल्या काही तंतूंना आपल्याकडे जोडून घेते, जसं एक फीडर गेला की दुसऱ्यावर भार टाकतात. पण ती बहुधा हळू चालणारी वायर असते, आणि सगळे तंतू तिला सांभाळता येत नाहीत. उरलेले वाळतात. यात सगळ्यात जास्त नुकसान होतं जलद तंतूंचं, जे झटक्यात जोर लावतात. सोफ्यावरून उठायला, ठेचकाळल्यावर पाय पटकन पुढे टाकायला, मागून गाडी आली तर बाजूला व्हायला तेच लागतात. शिवाय स्नायूच्या आत चरबीच्या रेषा पसरतात. म्हणून मांडी भरलेली दिसली तरी जोर नसतो.

आता चालीकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे. २०११ मध्ये नऊ वेगवेगळ्या अभ्यासांतल्या ३४,४८५ वयस्कांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. नेहमीच्या चालीचा वेग जितका जास्त, तितकं पुढचं आयुष्य जास्त, असं सरळ चित्र निघालं. वय, लिंग आणि चालीचा वेग एवढ्या तीन गोष्टींवरून पुढच्या आयुष्याचा अंदाज जवळजवळ तितकाच चांगला बांधता आला, जितका आजारांची सगळी यादी हाताशी घेऊन बांधता येतो. हे वाचून घाबरू नका. वेगाने चाललं की आयुष्य वाढतं, असा याचा अर्थ नाही. चालताना हृदय, फुफ्फुस, मज्जातंतू, मेंदू, डोळे, सांधे, स्नायू सगळ्यांना एकदम कामाला लागावं लागतं, म्हणून त्यातलं कुठलंही एक कमी पडलं की चालीत उमटतं.

बाबा घरात चालतात तेव्हा आधी डोळे मिटून ऐका. चपलेचा आवाज टप टप येतो की फर फर? टाच आधी टेकून मग चवड्याने जमीन मागे ढकलायची, ही चालण्यातली खरी ताकद आहे आणि ती पोटरीतून येते. वयस्कांत हीच ढकल सगळ्यात आधी कमी होते; मग माणूस खुब्यातून पाय ओढत पुढे आणतो, पाऊल आखूड पडतं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर असण्याचा काळ वाढतो. आता डोळे उघडून बघा. दारातून वळताना एका पावलात वळतात की चार छोट्या पावलांत? हात झुलतात का? चालता चालता तुम्ही काही विचारलं तर उत्तर देण्यासाठी थांबतात का? हे शेवटचं मी कधीच चुकवत नाही. स्वीडनमध्ये १९९७ साली एका वृद्धाश्रमवजा निवासात अगदी एवढंच तपासलं होतं. ५८ जणांपैकी १२ जण बोलण्यासाठी थांबले, आणि पुढच्या सहा महिन्यांत त्या बारांतले दहा पडले.

घरी दोन मोजमापं करा, उद्याच. मोबाईलमधलं घड्याळ पुरेल.

पहिलं चालीचं. हॉलमध्ये किंवा बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये सहा मीटर मोजून खडूने दोन रेघा मारा. दोन बाय दोनच्या टाईल्स असतील तर दहा टाईल्स म्हणजे सहा मीटर. बाबांना पहिल्या रेघेच्या दोन पावलं मागून सुरुवात करायला सांगा आणि दुसऱ्या रेघेच्या दोन पावलं पुढे जाऊन थांबू द्या. नेहमीसारखं चालायचं, शर्यत नाही. दोन रेघांमधला वेळ मोजा. आशियाई तज्ज्ञांच्या गटाने २०१९ मध्ये जी मर्यादा ठरवली ती सेकंदाला एक मीटर. म्हणजे सहा सेकंदांपेक्षा जास्त लागले तर चाल मंद धरायची. युरोपातल्या गटाची रेघ आणखी खाली आहे, सेकंदाला ०.८ मीटर, त्या हिशेबाने साडेसात सेकंद. नागपुरात वर्धा रोडवर किंवा व्हेरायटी चौकात सिग्नल सुटायच्या आत पलीकडे पोचायचं तर मला वाटतं आशियाई रेघच कामाची.

दुसरं खुर्चीचं. हात नसलेली, डायनिंग टेबलची साधी खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून पाच वेळा पूर्ण उभं राहायचं आणि बसायचं, जमेल तितक्या लवकर. पाचव्यांदा सरळ उभे राहिले की घड्याळ थांबवा. बारा सेकंद किंवा जास्त लागले, तर पायांची ताकद कमी झाली आहे. हाताशिवाय उठताच आलं नाही, तर तेही उत्तरच आहे. तुम्ही बाजूला उभ्या राहा, पण आधार देऊ नका, आणि ‘बाबा, हळू’ असं म्हणू नका.

हाताची पकड मोजायचं यंत्र फिजिओकडे असतं. पुरुषांत २८ किलोपेक्षा कमी आणि बायकांत १८ पेक्षा कमी पकड म्हणजे कमजोरी, असं तोच आशियाई गट सांगतो. पोटरीचा सगळ्यात जाड भाग शिवणाच्या टेपने मोजा. पुरुषांत ३४ सेंटिमीटरच्या खाली आणि बायकांत ३३ च्या खाली गेला तर स्नायू कमी असण्याची शंका घ्यायची. पायाला सूज असेल तर हा आकडा खोटा ठरतो.

आता ते ‘वय ८१’. ती मशीन तळपायांतून, कधी हातांतूनही, अगदी सौम्य वीज सोडते आणि तिला किती अडथळा होतो ते मोजते. स्नायूत पाणी जास्त म्हणून वीज सहज जाते, चरबीत अडते. म्हणजे मशीन मोजते तो विजेचा अडथळा, आणि त्यावरून सूत्राने पाण्याचा, मग स्नायूचा, मग चरबीचा अंदाज बांधते. ‘शरीराचं वय’ हे तर त्या अंदाजावरचा आणखी एक अंदाज. नागपूरच्या मे महिन्यात ४५ अंशांत माणूस आधीच सुकलेला असतो. घरून निघताना पाणी न पिता मशीनवर उभं राहिलं तर चरबी आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. उलट पायावर सूज असेल तर तेच पाणी स्नायू म्हणून मोजलं जातं. एकाच मशीनवर, एकाच वेळी, सकाळी उपाशीपोटी, लघवी करून, दर तीन महिन्यांनी मोजलं तर दिशा कळते. एका दिवसाच्या आकड्यावरून रात्रीची झोप घालवू नका.

डेक्सा स्कॅन त्यापेक्षा भरवशाचा. हाडांची घनता मोजायला जो करतात तोच, फक्त पूर्ण शरीराचा. क्ष-किरण अगदी थोडे लागतात. त्यात हातापायांतल्या बिनचरबीच्या भागाचं वजन उंचीच्या वर्गाने भागतात. पुरुषांत उत्तर ७.० च्या खाली आणि बायकांत ५.४ च्या खाली आलं तर स्नायू कमी. पण डेक्सालाही पाणी आणि स्नायू वेगळे करता येत नाहीत, आणि स्नायूत जोर किती आहे हे तर मुळीच कळत नाही. तुम्ही मला विचाराल, ‘करू का?’ तर खुर्ची आणि चालीचं उत्तर आधी बघा. ती दोन्ही कमी आली तर उपचार तसेही तेच आहेत. स्कॅनचे पैसे त्या वेळी एखाद्या चांगल्या व्यायामाच्या माणसावर खर्च झालेले मला जास्त आवडतील.

डेंग्यूच्या आठ दिवसांवर मला थोडं थांबायचं आहे. २००७ मध्ये एका अभ्यासात निरोगी वयस्क लोकांना, सरासरी वय ६७, दहा दिवस नुसतं पलंगावर झोपवून ठेवलं. आजार काही नाही. दहा दिवसांत दोन्ही पायांतून मिळून जवळजवळ एक किलो स्नायू गेला. बाबांना तर सोबत ताप होता, भूक नव्हती. माझ्या स्वतःच्या वडिलांना न्यूमोनिया झाला तेव्हा ते ७४ वर्षांचे होते. चालत दवाखान्यात गेले. अकरा दिवस त्यांना कुणी उठवलं नाही. लघवीची नळी होती, सलाईन होतं, नर्स म्हणायच्या आराम करू द्या. मीही बाजूच्या स्टुलावर बसून होते आणि मलाही तेच बरोबर वाटलं. व्हीलचेअरवर घरी आणलं. फुफ्फुस दोन आठवड्यांत स्वच्छ झालं, पाय परत यायला आठ महिने लागले आणि जिना ते पूर्वीसारखे कधीच चढले नाहीत. तेव्हापासून कुणाचंही वयस्क माणूस ॲडमिट झालं की मी पहिला फोन करते तो याच्यासाठी: डॉक्टरांना विचारा, आज खुर्चीत बसवता येईल का, उद्या दारापर्यंत नेता येईल का, आणि नळीची खरंच गरज आहे का. तुमच्या बाबांचं जे गेलं ते असंच गेलं असणार. तरुणाचं आपोआप भरून येतं. सत्तरीत ते मुद्दाम भरावं लागतं.

म्हणजे वय आहे, पण नुसतं वय नाही. आणि यावर मला कुणी ‘आता या वयात काय होणार’ म्हटलं की मी बोस्टनच्या त्या दहा जणांची गोष्ट सांगते. १९९० साली तिथल्या एका वृद्ध-निवासातल्या दहा अशक्त लोकांना, सरासरी वय ९०, आठ आठवडे मांडीचा जड वजनांचा व्यायाम दिला. जड म्हणजे त्यांच्यासाठी खरोखर जड. नऊ जणांनी पूर्ण केला. मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचा आकार नऊ टक्क्यांनी. हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. आकार थोडाच वाढला आणि ताकद जवळजवळ तिप्पट झाली, कारण आधी सुधारते ती वायरिंग. म्हणून महिनाभरात मांडी जाड दिसली नाही तरी बाबा सोफ्यावरून हलके उठू लागतील.

मग अंबाझरीच्या चक्करीचं काय? ती सोडू नका. हृदयासाठी, शुगरसाठी, मित्रांसाठी ती हवीच. पण रोजच्याच वेगाने सपाट रस्त्यावर चालल्याने पायांना नवीन भार मिळत नाही. पाय तेवढ्यापुरतेच राहतात. पाच-पाच किलोमीटर चालणारे आणि पाटावरून उठू न शकणारे कितीतरी काका मी बघितले आहेत. शिवाय एप्रिलपासून पाऊस येईपर्यंत आपल्याकडचं फिरणं बंद पडतं, नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, तर लोक कूलरसमोरून हलत नाहीत. ते अडीच महिने दरवर्षी पायातून थोडं थोडं नेतात.

दोन वर्षांपूर्वी नागपूरच्या महाल भागातल्या एक आजी माझ्याकडे आल्या. वय ७९. त्यांच्या घरी महालक्ष्म्यांचं मोठं जेवण असतं, आणि आदल्या वर्षी पंगतीत बसल्यावर त्यांना दोघांनी काखेत धरून उठवावं लागलं होतं. सगळ्या सुनांसमोर. त्या म्हणाल्या, ‘अजी मॅडम, पायात जीवच नाई राह्यला. मले फक्त खालून उठाले शिकवा, बाकी काई नको.’ पहिल्या दिवशी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या तेव्हा कुठे त्या हाताशिवाय दोनदा उठल्या. पंधरा दिवसांनी एक उशी काढली. महिन्याने दुसरी. मग तुरीच्या डाळीची एक किलोची पिशवी छातीशी धरून उठायचं, मग दोन. तिसऱ्या महिन्यात आम्ही जमिनीवर आलो: आधी कुशीवर, मग हात-गुडघ्यांवर, एक पाऊल पुढे, हात मांडीवर, आणि वर. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनी मला सांगितलं नाही, सरळ उठून माझ्या टेबलावरचा पाण्याचा ग्लास घेतला. त्यांच्या पोटरीचं माप पूर्ण काळात जेमतेम एक सेंटिमीटर वाढलं होतं.

तुमच्या बाबांसाठी सुरुवात अशी करा. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. खुर्चीवरून उठणं-बसणं: उठताना झटकन, बसताना तीन मोजत सावकाश. झटकन हा शब्द मुद्दाम लिहिला आहे, जलद तंतू जोर लावल्याशिवाय जागे होत नाहीत. मग ओट्याला हात लावून टाचा उचलणं, ते सोपं झालं की एका पायावर. जिन्याच्या सर्वांत खालच्या पायरीवर चढणं-उतरणं, कठडा धरून. भिंतीला हात टेकवून दंड. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन गॅलरीत चालणं. संत्र्यांच्या दिवसांत संत्री, एरवी बटाटे. प्रत्येक व्यायाम आठ ते बारा वेळा, दम घेऊन दोन-तीनदा. शेवटचे दोन जड गेले पाहिजेत. सहज बारा होत असतील तर पिशवीत एक किलो वाढवा. मी हे वाक्य ठासून सांगते, कारण आपल्याकडे वयस्कांना दिलेला व्यायाम बहुतेक वेळा इतका हलका असतो की त्याने काहीच होत नाही. व्यायामाच्या रबरी पट्टीचा ताण रंगावरून ठरतो, पण ती पट्टी वर्षभर त्याच रंगाची राहते. श्वास रोखायचा नाही, जोर लावताना सोडायचा. छातीत दुखणं, चक्कर, सांध्यात टोचणारी कळ आली तर थांबायचं. दुसऱ्या दिवशी मांडी दुखली तर ती दुखू द्या. याच्या जोडीला रोज ओट्यापाशी एका पावलासमोर दुसरं लावून अर्धा मिनिट उभं राहणं. चालणं, ताकद आणि तोल एकत्र दिल्याचा फायदा मोठ्या प्रमाणावर तपासला गेला आहे: २०१४ मध्ये जाहीर झालेल्या अमेरिकन अभ्यासात ७० ते ८९ वयाच्या १,६३५ लोकांना अडीच वर्षांहून जास्त काळ बघितलं, आणि व्यायाम करणाऱ्या गटात चालणं अवघड होण्याचं प्रमाण १८ टक्क्यांनी कमी राहिलं.

सुरू करण्याआधी मात्र डॉक्टरांकडून काही गोष्टी बघून घ्या. बी-१२, थायरॉईड, हिमोग्लोबिन, डी जीवनसत्त्व, शुगर, क्रिएटिनिन. शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं इतकं सर्रास आहे की मी आधी तेच विचारते. त्याने पायांना जमीन नीट कळत नाही आणि माणूस अंधारात अडखळतो. एकच पाय ओढला जात असेल, हात कापत असेल, चालताना पोटऱ्या दुखून थांबावं लागत असेल आणि थांबलं की बरं वाटत असेल, किंवा कारण नसताना वजन उतरत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून आधी तपासणी. डी कमी असेल तर भरून काढायचं, पण एकदम प्रचंड डोस नको: २०१० मधल्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात वयस्क बायकांना वर्षातून एकदा पाच लाख युनिट दिले, तर त्या गटात पडणं आणि हाड मोडणं वाढलं.

राहिलं प्रोटीन. आपल्या देशात सर्वसाधारण प्रौढांसाठी शिफारस किलोमागे ०.८३ ग्रॅमची आहे. वयस्कांसाठी २०१३ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगितलं, आणि आजारातून उठलेल्यांना थोडं आणखी. बाबांसाठी दिवसाला साधारण ६४ ते ७७ ग्रॅम. मूत्रपिंड ठीक असतील तर एवढ्याने ती बिघडत नाहीत. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्र मूत्रपिंडाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय वाढवायचं नाही. वयस्कांना जास्त प्रोटीन सांगायचं कारण एवढंच की म्हाताऱ्या स्नायूला जागं करायला एका वेळी मोठा डोस लागतो. तरुणाला एका जेवणात किलोमागे ०.२४ ग्रॅम पुरतं तिथे वयस्काला ०.४० लागतं. म्हणजे बाबांना एका जेवणात २५ ग्रॅमच्या आसपास.

आता आपलं ताट बघा. सकाळी पोहे, दुपारी दोन पोळ्या, पातळ वरण, भात, भाजी, रात्री पुन्हा तेच किंवा दूध-पोळी. मी कितीतरी ताटांचा हिशेब मांडला आहे, तो दिवसाला चाळीस ग्रॅम प्रोटीनच्या पुढे क्वचित जातो. आणि जे असतं ते दुपारी. सकाळ रिकामी. तर्री-पोह्यातले चणे वेचून खाल्ले तरी वाटीभर दह्याची जोड लागतेच. एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम, पाव लिटर दूध आठ, ३० ग्रॅम सोयाबीन वड्या पंधरा, ४० ग्रॅम बेसनाचा झुणका साधारण नऊ, मूठभर शेंगदाणे सात. वरण घट्ट करा. गोळाभात, पाटवडी, डाळकांदा हे आपले पदार्थ यासाठी उत्तमच आहेत, तेल हात राखून. एवढ्याने बेरीज होत असेल तर पावडर लागत नाही. दात नाहीत, भूक नाही, अशा वेळी मी एक चमचा पावडर दुधात घालायला सांगते. पण व्यायामाशिवाय पावडर नको. बोस्टनच्याच त्या गटाने १९९४ मध्ये १०० जणांवर हेही तपासलं: नुसतं पोषक पेय मिळालेल्यांची ताकद वाढली नाही, व्यायाम करणाऱ्यांची ११३ टक्क्यांनी वाढली.

आणि आई. तुम्ही त्यांच्याबद्दल एकच ओळ लिहिली, पण मला त्यांची काळजी बाबांपेक्षा कमी वाटत नाही. ७८ किलोच्या शरीरात स्नायू कमी असू शकतात, आणि त्यांना ते ७८ किलो त्याच स्नायूंनी उचलायचे आहेत. वजन कमी करायला त्या बहुधा रात्रीचं जेवण बंद करतील, चतुर्थी-एकादशीला साबुदाणा खातील. असं उतरलेल्या वजनात साधारण पाव हिस्सा स्नायूंचा असतो; हल्लीच्या वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांतही स्नायू जातोच. त्यांचं वजन हळू उतरू द्या, ताटात डाळ-दही वाढवा, भात-साखर कमी करा, आणि मांडीचा व्यायाम त्यांच्याकडूनही करून घ्या. गुडघे दुखतात म्हणून पाय हलवायचे नाहीत, हे उलट आहे. मांडीचा पुढचा स्नायू मजबूत झाला की गुडघ्याचं दुखणं कमी होतं. उंच खुर्चीपासून सुरुवात करा. खुर्चीचं मोजमाप त्यांचंही घ्या, त्याच दिवशी.

दोघांचे आकडे तारखेसह स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवा आणि बारा आठवड्यांनी त्याच खुर्चीवर, त्याच टाईल्सवर पुन्हा मोजा. खुर्चीचा वेळ दोन-तीन सेकंदांनी उतरला तर तुम्ही बरोबर चालला आहात. अजिबात उतरला नाही, तर बहुतेक वेळा पिशवीतलं वजन वाढवायचं राहून गेलेलं असतं. ते तपासून मला पुन्हा लिहा.